लोखंडी ताटं मोबाईलवर वाजतात, पण तालुक्यातल्या पोरानं पिस्तूल धरायचं कुठं?

कोल्हापूर : मोबाईलवर सध्या एका खेळाचे व्हिडिओ पोरांच्या हातात सारखे फिरताहेत. मोकळ्या मैदानात लोखंडी खांबांवर पाच पांढरी ताटं लावलेली असतात. एक जण हात वर करून उभा असतो. मागून बीप वाजतो, हात कमरेकडं जातो आणि दोन-तीन सेकंदांत टण, टण, टण असा पाच वेळा आवाज येतो. हा अमेरिकेतला ‘स्टील’ पिस्तूल नेमबाजीचा प्रकार. तो बघून गावातली पोरं शाळेतल्या क्रीडा शिक्षकाला विचारतात, ‘सर, ही स्पर्धा आपल्याकडं कुठं असते? भाग कसा घ्यायचा?’

प्रश्न पोरकट वाटला तरी हसण्यावारी न्यायचा नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत पदक आणलं, त्यानंतर महाराष्ट्राला मिळालेलं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हापासून जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर नेमबाजी हा शब्द घराघरांत गेला. घरच्यांना खेळ कळला, पोरांना नाद लागला. पण नाद लागलेल्या पोरानं पहिलं पाऊल टाकायचं कुठं, याचं उत्तर बहुतेक तालुक्यांत आजही नाही.

या प्रश्नाला तीन बाजू आहेत. व्हिडिओतली ती स्पर्धा तालुक्यात का होऊ शकत नाही, ही एक. तिच्या जवळचा कुठला खेळ आपल्याकडं खेळता येतो, ही दुसरी. आणि तिसरी बाजू सगळ्यात महत्त्वाची आहे. ज्या पिस्तुलाला परवानाच लागत नाही, तेसुद्धा गावातल्या पोराच्या हातात का पोचत नाही?

ताटांची स्पर्धा म्हणजे नेमकं काय

अमेरिकेत १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात ‘स्टील चॅलेंज’ सुरू झालं. आज तिथं गावोगावच्या क्लबांत सुट्टीच्या दिवशी अशा स्थानिक स्पर्धा होतात. नियम साधे आहेत. एका मांडणीत पाच लोखंडी पाट्या असतात. काही दहा इंची गोल, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढ्या. काही एक फुटी गोल, तर काही दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच. त्यातली एक ‘स्टॉप प्लेट’ म्हणून ठरलेली असते. आधी बाकीच्या चारांवर गोळी मारायची, शेवटी स्टॉप प्लेटवर, की घड्याळ थांबतं. नेमबाजाच्या मागं धरलेलं यंत्र गोळीचा आवाज ऐकून वेळ मोजतं.

एका मांडणीवर पाच फेऱ्या मारायच्या असतात. त्यातली सगळ्यात संथ फेरी सोडून द्यायची आणि उरलेल्या चार फेऱ्यांच्या वेळेची बेरीज करायची. एखादी पाटी चुकली तर तीन सेकंदांचा दंड. ज्या खेळात पाच गोळ्या दोन-तीन सेकंदांत संपतात, तिथं तीन सेकंदांचा दंड म्हणजे फेरीच गेली. अधिकृत मांडण्या एकूण आठ आहेत. ज्याच्या सगळ्या वेळांची बेरीज कमी, तो पहिला.

व्हिडिओत वेग दिसतो, मागची शिस्त दिसत नाही. अधिकाऱ्यानं सांगितल्याशिवाय पिस्तूल पेटीबाहेर काढायचं नाही. नळी कायम मागच्या मातीच्या बांधाकडंच पाहिजे. ती मागं वळली की त्या दिवसापुरता खेळाडू बाद, मग तो कितीही मोठा असो. फेरी संपली की पिस्तूल रिकामं करून अधिकाऱ्याला दाखवायचं. लोखंडावर आदळलेल्या शिशाचे कण मागं उडतात, म्हणून खेळणाऱ्यापासून बघणाऱ्यापर्यंत सगळ्यांना चष्मा सक्तीचा. कानावर संरक्षण तर हवंच.

नवख्या माणसाला तिथं कमी लेखत नाहीत. तो हळूहळू पाच पाट्यांवर गोळ्या मारतो, त्याची वेळ लिहून घेतली जाते, पुढच्या महिन्यात तो स्वतःच्याच वेळेशी झुंजतो. अशी स्थानिक स्पर्धा दर महिन्याला मिळते, म्हणून तिकडं खेळाडू तयार होतात.

तिकडं जमतं, इकडं का नाही

पहिलं कारण कायदा. अमेरिकेत हत्यार बाळगणं हा घटनेनं दिलेला हक्क मानला जातो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो आणि तो द्यायचा की नाही हे सरकार ठरवतं. आपल्याकडं २१ वर्षांखालच्या व्यक्तीला सर्वसाधारण परवाना मिळत नाही. प्रशिक्षणात, नियमानं घातलेल्या अटींखाली, देखरेखीत हत्यार हाताळायची मुभा तेवढी कायद्यात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. आधी ही मर्यादा तीनची होती.

तिकडच्या मोकळीकीची किंमतही मोठी आहे. अलीकडच्या वर्षांत अमेरिकेत दरवर्षी ४० हजारांहून जास्त माणसं बंदुकीनं मरतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात. जिथं शेतकरी आत्महत्येची बातमी नवी राहिलेली नाही, त्या राज्यात घराघरांत पिस्तूल असावं असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. त्यामुळं आपला कायदा कडक आहे ही तक्रार करण्यात अर्थ नाही.

दुसरं कारण काडतुसांचं. आठही मांडण्यांची पूर्ण स्पर्धा खेळायची तर सात मांडण्यांवर प्रत्येकी २५ आणि आठवीवर चारच फेऱ्या असल्यानं २०, अशा किमान १९५ गोळ्या लागतात. त्याही एकही नेम चुकला नाही तर. आपल्याकडं २०२० पर्यंत नियमानुसार नेमबाजाला पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची वर्षाला ६०० काडतुसं घेता येत होती. म्हणजे तीन स्पर्धांत वर्षाचा कोटा संपला असता, सरावाला काही उरलं नसतं. १२ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनं केंद्रानं हा कोटा २,००० वर नेला आणि पॉइंट टू-टू बोअरच्या काडतुसांचा १,००० वरून ५,००० केला. त्याच अधिसूचनेत आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या आणि नामांकित नेमबाजांना खेळासाठी जास्तीत जास्त १२ हत्यारं ठेवायची सवलत मिळाली. होतकरू आणि ज्युनिअर नेमबाजांची मर्यादा एकावरून दोन झाली.

ही सवलत चांगलीच आहे. पण ती वरच्या पायरीवर आधीच पोचलेल्यांना आहे. ‘नामांकित’ ठरायला राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेले गुण पाहिजेत. गुण पाहिजेत तर सराव पाहिजे, आणि सरावाला हत्यार, काडतूस नि रेंज पाहिजे. विहीर खोल आणि दोर आखूड, अशी गावाकडच्या पोराची गत होते.

गावाला माहीत असलेल्या बंदुका

गावात बंदूक नवी नाही. राधानगरी, भुदरगड, चंदगड, शाहूवाडी, गगनबावडा या डोंगरी तालुक्यांत आणि घाटाखाली सिंधुदुर्गात शेती संरक्षणाचे परवाने जुने आहेत. रानडुकरं भाताची नासाडी करतात, गवे उसात शिरतात, म्हणून आजोबाच्या नावावर असलेली ठासणीची किंवा एक नळीची बंदूक भिंतीला टांगलेली असायची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. या बंदुकीबद्दल गावाला ना कौतुक ना भीती. विळा-कोयत्यासारखं ते एक हत्यार.

पिस्तुलाचं तसं नाही. गावात पिस्तूल म्हटलं की दोनच माणसं डोळ्यांपुढं येतात. एक कमरेला लावून लग्नात मिरवणारा, दुसरा गावठी कट्टा घेऊन पकडला गेलेला. मिरवणाऱ्याला हौस भारी पडू शकते. वरातीत हवेत गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विनापरवाना पिस्तूल बाळगल्यास किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा आहे. रील काढण्यासाठी कट्टा हातात धरलेल्या पोराला वाटतं आपण गंमत करतोय. कायद्याला गंमत कळत नाही. एकदा गुन्हा नोंद झाला की पोलीस भरती गेली, सैन्य भरती गेली, पासपोर्टही अडकला.

म्हणूनच पोरगं घरी ‘मला पिस्तूल शूटिंग शिकायचंय’ म्हणालं की आईच्या काळजात धस्स होतं आणि बाप चिडतो. कबड्डी, कुस्ती म्हटलं असतं तर त्यानंच तालमीत नेऊन सोडलं असतं. पिस्तूल हा खेळ असतो हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. दोष त्याचा नाही.

खरं तर कोल्हापूरला पिस्तुलाचा खेळ नवा नाही. राही सरनोबत याच शहरातली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं अनिसा सय्यदच्या जोडीनं २५ मीटर पिस्तुलाचं सांघिक सुवर्ण घेतलं, २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिक खेळली, २०१३ मध्ये कोरियात चांगवॉनला विश्वचषकाचं सुवर्ण मिळवलं आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला. रायफलमध्ये तेजस्विनी सावंतनं २०१० मध्येच म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलं होतं. देशाच्या नेमबाजी संघटनेचा पायाही एका मराठी माणसानंच घातला. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडं जायची पायरी आहे.

परवाना न लागणारं पिस्तूल

ताटांच्या खेळाचा आपल्याकडचा जवळचा भाऊ म्हणजे ऑलिंपिकमधली २५ मीटर रॅपिड फायर. पुरुषांच्या या प्रकारात समोर पाच लक्ष्यं असतात आणि पाचांवर एकेक गोळी मारायची असते. आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. हिमाचलच्या विजय कुमारनं लंडनला २०१२ मध्ये यातच रौप्य घेतलं. महिलांच्या २५ मीटर पिस्तुलात दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंदच दिसतं, मग सात सेकंद मिटतं. तेवढ्यात हात वर करून एक गोळी मारायची. हे पिस्तूल पॉइंट टू-टू बोअरचं असतं, म्हणजे परवान्याचं हत्यार.

तिथं पोचायची पहिली पायरी मात्र दहा मीटर एअर पिस्तूल आहे. साडेचार मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. यात बारूद नाही, काडतूस नाही. दाबलेल्या हवेवर शिशाचा छर्रा सुटतो. दहा मीटर म्हणजे साधारण ३३ फूट. शाळेच्या एखाद्या लांब व्हरांड्यात किंवा दोन खोल्यांची मधली भिंत काढलेल्या वर्गात मावेल एवढी ही जागा.

परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणं आहे असं नाही. छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. पिस्तूल घेतलेल्यानं बिल, ओळखपत्र आणि क्लबचं पत्र जवळ ठेवावं. एसटीनं नेताना ते बंद पेटीतच असावं. पक्ष्यांवर, माकडांवर नेम धरायला तर अजिबात वापरू नये. वन्यजीव कायद्याचा गुन्हा लागायला वेळ लागत नाही.

स्पर्धेच्या दिवशी काय होतं

पहिल्यांदाच जिल्ह्याच्या स्पर्धेला पोर घेऊन जाणाऱ्या पालकाला तिथलं काही कळत नाही. कुस्तीचा फड बघायची सवय असलेल्या माणसाला नेमबाजीची रेंज देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांत वाटते. आधी हत्याराची तपासणी होते. एअर पिस्तूल दीड किलोपेक्षा जड असता कामा नये. चाप ५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनावर सुटता कामा नये, म्हणून चापाला वजन टांगून बघतात. पिस्तुलाच्या नळीत रंगीत दोरी घातलेली असते. नळी रिकामी आहे हे दुरून दिसावं म्हणून.

मग खेळाडू आपापल्या जागेवर उभे राहतात. पहिली १५ मिनिटं तयारीची आणि नेम जुळवायच्या छर्ऱ्यांची, त्यांचे गुण धरत नाहीत. त्यानंतर ६० छर्रे. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तर ७५ मिनिटं मिळतात, कागदी असेल तर ९०. एकाच हातानं, उभं राहून, कशाचाही टेकू न घेता. मधला दहा गुणांचा गोल फक्त साडेअकरा मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. सगळे छर्रे दहात बसले तर ६०० गुण. पॅरिसला कांस्य घेणाऱ्या मनू भाकरचे पात्रता फेरीत ५८० होते. म्हणजे ६० छर्ऱ्यांत मिळून तिनं फक्त २० गुण गमावले.

सव्वा तास हात वर-खाली करायचा, श्वास धरायचा, नेम जमला नाही तर चाप न ओढता हात खाली घ्यायचा आणि पुन्हा वर न्यायचा. ज्या पोराला व्हिडिओतला टण-टण आवाज आवडला, त्याला पहिल्या दिवशी हे कंटाळवाणं वाटतं. तो कंटाळा ज्यानं पचवला तोच पुढं जातो. अमेरिकेत ताटांवर नेम मारणारा चांगला नेमबाजही आधी हेच शिकलेला असतो. चाप सरळ मागं न ओढता वेग वाढवला की गोळी ताटाच्या बाजूनंच जाते.

मनूचंच उदाहरण घ्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीत तिचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं दोन कांस्यपदकं आणली. त्यातलं एक सरबज्योत सिंगसोबत मिश्र दुहेरीत होतं. सरबज्योत अंबाला जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा आहे.

अडतं कुठं

पहिली अडचण अंतराची. जिल्ह्यात १२ तालुके आहेत आणि सरावाची मुख्य सोय कोल्हापूर शहरात. राधानगरीहून शहर पन्नास किलोमीटरच्या आसपास, चंदगडहून शंभरच्या पुढं. नेमबाजी आठवड्यातून एकदा करायचा खेळ नाही. शाळा सुटल्यावर एसटी पकडून शहरात जायचं, तासभर सराव करायचा आणि शेवटच्या गाडीनं परत यायचं, हे मुलगा दोन महिने करेल. मुलीला तर घरचे दोन दिवसही करू देणार नाहीत. मग शहरात खोली घ्यायची, म्हणजे घरातलं एक माणूस तिथं अडकलं.

दुसरी अडचण खर्चाची. स्पर्धेच्या दर्जाचं एअर पिस्तूल परदेशी बनावटीचं असतं आणि त्याची किंमत लाखाच्या पुढं जाते. छर्रे रोज शंभर धरले तर ५०० चा डबा पाच दिवसांत संपतो. वर्षात ३०० दिवस सराव केला तर ३० हजार छर्रे, म्हणजे ६० डबे. ज्या घरात दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर किराणा आणि उसाच्या बिलावर सोसायटीचं कर्ज चालतं, तिथं हा हिशेब एकट्या बापाच्यानं जमत नाही. पिस्तूल एकदा घेतलं की घेतलं, छर्रे मात्र कायम लागतात. बरीच पोरं इथंच सुटतात.

तिसरी अडचण दहा मीटरवरून पंचवीस मीटरवर जाताना येते. एअर पिस्तुलात चांगले गुण मिळाले तरी पुढं पॉइंट टू-टू खेळायचं तर परवान्याच्या अटी, बारूदी हत्याराला चालेल अशी सुरक्षित रेंज आणि काडतुसांचा पुरवठा हे सगळं एकदम समोर येतं. क्लबच्या नावावरच्या हत्यारानं रेंजवर सराव करता येतो. पण असा क्लब शहरातच. तालुक्यातला खेळाडू या वळणावर एक तर शहरात स्थायिक होतो, नाहीतर खेळ सोडतो.

स्वप्नील कुसाळेनंही घर सोडलंच. वडील शिक्षक होते, त्यांनी मुलाला २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं आणि नेमबाजीसाठी तो नाशिकला गेला. पुढं मध्य रेल्वेत नोकरी लागली, तिच्या आधारावर सराव चालला. पदक कांबळवाडीचं असलं तरी रेंज कांबळवाडीत नव्हती. प्रबोधिनीची निवड झाली नसती तर काय, हा प्रश्न त्याच्यासारख्या शंभर पोरांना लागू आहे. त्यांची नावं कुणाला कळणार नाहीत.

जोहरी गावानं काय केलं

यावर उपाय नाही असं नाही. उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यात जोहरी नावाचं गाव आहे. ऊस पिकवणारा भाग, आपल्यासारखाच. तिथं नव्वदच्या दशकाच्या शेवटी गावातच साधा रायफल क्लब सुरू झाला. चंद्रो तोमर नावाची आजी नातीला सोबत म्हणून १९९९ मध्ये तिथं गेली. वय साठीच्या पुढं. तिनं सहज पिस्तूल उचललं, नेम बसला आणि ती आणि जाऊ प्रकाशी तोमर दोघीही स्पर्धा खेळायला लागल्या. २०१९ मध्ये त्यांच्यावर ‘सांड की आंख’ हा चित्रपट आला. चंद्रो यांचं २०२१ मध्ये कोरोनानं निधन झालं.

चित्रपटात आजींची गंमत दिसते. पण खरी गोष्ट त्या गावातल्या रेंजची आहे. रेंज गावात होती म्हणून नातीला सोबत म्हणून आजी जाऊ शकली, घुंघट घेणाऱ्या घरातल्या मुली जाऊ शकल्या. प्रकाशी यांची मुलगी सीमा पुढं आंतरराष्ट्रीय नेमबाज झाली आणि लष्करात गेली. त्याच जिल्ह्यातल्या बिनौलीच्या क्लबमध्ये शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा सौरभ चौधरी २०१८ मध्ये १६ व्या वर्षी जकार्ताला एअर पिस्तुलाचं आशियाई सुवर्ण घेऊन आला. त्या भागात नेमबाजी म्हणजे नोकरीची वाट, असं गावाला पटलं आहे.

आपल्याकडंही ती वाट आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत आहे. रेल्वे, सैन्य, पोलीस खेळाडू घेतात. पोलीस भरतीसाठी पहाटे चारला रस्त्यावर धावणारी शेकडो पोरं प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यातल्या एखाद्याचा हात स्थिर आणि डोकं थंड असेल, पण ते त्यालाही माहीत नाही. कारण त्यानं पिस्तूल कधी धरूनच बघितलेलं नाही.

तालुक्यात काय करता येईल

कोट्यवधींची रेंज मागायची गरज नाही. पंचवीस आणि पन्नास मीटरची रेंज जिल्ह्यालाच राहू द्या, ती सुरक्षेच्या दृष्टीनंही तिथंच बरी. तालुक्याला हवी ती दहा मीटरची खोली. तालुका क्रीडा संकुलाच्या इमारतीत किंवा पटसंख्या घटल्यानं रिकाम्या पडलेल्या जिल्हा परिषद शाळेच्या खोलीत चार-पाच जागा बसतात. समोर भक्कम भिंत, छर्रे अडवणारी लोखंडी पेटी, लक्ष्यावर भरपूर उजेड, कागद पुढं-मागं नेणारी दोरी-कप्पी आणि दाराला पक्कं कुलूप. खेळणारे सोडून बाकी कुणी आत येणार नाही अशी कडक व्यवस्था.

पिस्तुलं पोरांनी विकत घ्यायची नाहीत, रेंजनं घ्यायची. दोन पिस्तुलांवर पाळीपाळीनं वीस पोरं शिकतात. साखर कारखाने, दूध संघ, बँका आणि पतसंस्था कुस्तीच्या मैदानांना दरवर्षी बक्षिसं देतात. त्यातला थोडा वाटा छर्ऱ्यांच्या डब्यांना गेला तरी एका तालुक्याचा वर्षभराचा सराव निघेल. प्रशिक्षक रोज मिळणार नाही. पण जिल्ह्यातून राज्य पातळीवर खेळलेल्या आणि पुढं खेळ सुटलेल्या मुला-मुलींची संख्या कमी नाही. त्यांना मानधन देऊन आठवड्यातून तीन दिवस बोलावता येईल.

आणि महिन्याला एक स्पर्धा. अमेरिकेकडून घ्यायचं असेल तर पिस्तुलाची मोकळीक नको, ही पद्धत घ्यावी. दर महिन्याच्या एका रविवारी तालुक्याची छोटी स्पर्धा, गुण लिहून भिंतीवर लावायचे आणि पुढच्या महिन्यात आपल्याच आकड्याशी झुंजायचं. शाळेचा खेळाडू वर्षातून एकदाच जिल्ह्याच्या स्पर्धेत उभा राहतो, तेव्हा त्याचे हात थरथरतात. दहा वेळा तालुक्यात उभा राहिलेल्याचे थरथरणार नाहीत.

तोवर पालकांनी एवढं करावं. पोरगं व्हिडिओ दाखवून पिस्तूल मागत असेल तर त्याला झिडकारू नये आणि हौसेपोटी हजार-दोन हजारांची छर्ऱ्याची बंदूकही हातात देऊ नये. शाळेच्या क्रीडा शिक्षकाकडून जिल्हा क्रीडा कार्यालयात चौकशी करावी, क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीची तारीख विचारावी, एकदा पोराला शहरातल्या रेंजवर नेऊन दिवसभर बसवावं. शांत बसून ६० छर्ऱ्यांची फेरी बघितल्यावरही त्याला हा खेळ हवासा वाटला, तर नाद खरा आहे असं समजावं.

येत्या काळात पंचायत समितीत आणि क्रीडा संकुल समितीत खर्चाचे विषय येतील तेव्हा रनिंग ट्रॅक आणि जिमबरोबर दहा मीटरच्या एका खोलीची मागणीही गावांनी ठरावात घालावी. ठराव ग्रामसभेत होतो आणि ग्रामसभा प्रत्येक गावात होते. त्याला ना परवाना लागतो ना काडतूस.